व्यसनाचं बिल कोणाच्या नावावर?

आरोग्यविम्याची पॉलिसी हातात आली की माणूस पहिली दोन पानं वाचतो. कवच किती लाखांचं, हप्ता किती, कॅशलेस कुठल्या दवाखान्यात चालतं, एवढं कळलं की पुस्तिका कपाटात जाते. खरी मेख शेवटच्या पानांत असते. तिथे वगळलेल्या बाबींची यादी बारीक टाइपात छापलेली असते आणि प्रत्येक बाबीला क्रमांक असतो. बारावा क्रमांक व्यसनाचा. विमा नियामक आयआरडीएआयने सप्टेंबर २०१९ मध्ये या यादीची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. तेव्हापासून ‘एक्स्क्ल १२’ दिसलं की समजावं: दारूचं व्यसन, अमली पदार्थांचं सेवन किंवा कोणतीही व्यसनाधीनता यांवरचा उपचार आणि त्यातून उद्भवणारे परिणाम यांचा खर्च कंपनी देणार नाही. २०२० साली सामान्य माणसासाठी म्हणून आणलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीतही हे कलम आहेच. ते घालायची कंपनीवर सक्ती नाही, मुभा आहे. पण मिळालेली मुभा सोडून द्यायला विमा कंपन्या काही धर्मादाय संस्था नाहीत.

संसदेने मात्र त्याआधीच उलटं सांगून ठेवलं होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था स्पष्ट शब्दांत येतात. कलम २१ चं चौथं पोटकलम विमा कंपन्यांना बजावतं, की शारीरिक आजाराला ज्या तत्त्वावर विमा देता, त्याच तत्त्वावर मानसिक आजारालाही द्या. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली तर निष्कर्ष शाळकरी पोरालाही काढता येईल. नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना हा कायदा पाळा म्हणून परिपत्रकही काढलं. आणि वर्षभरानंतर व्यसन वगळायला रीतसर परवानगी देऊन टाकली. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘शिखा निश्चल विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स’ या प्रकरणात मानसिक आजाराच्या दाव्याला वेगळी, तुटपुंजी मर्यादा लावणं कायद्यात बसत नाही असं सुनावलं. तो खटला स्किझोअफेक्टिव्ह आजाराचा होता. बारावं कलम त्यानंतरही पुस्तिकांत जागच्या जागी आहे.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. विमा चालतो तो अनिश्चिततेवर. कोणाला केव्हा काय होईल ठाऊक नसतं, म्हणून सगळे थोडं थोडं भरतात. ज्याला पुढच्या महिन्यात व्यसनमुक्ती केंद्रात जायचंच आहे तो आज पॉलिसी काढेल आणि उद्या बिल पाठवेल, ही त्यांची भीती. शिवाय हा आजार उलटतो, पुनःपुन्हा उलटतो, म्हणजे दावेही पुनःपुन्हा येणार. पण मधुमेहही उलटतो, हृदयविकारही. त्यांच्यासाठी प्रतीक्षाकाळ ठेवतात, हप्ता वाढवतात, दार बंद करत नाहीत. दारूच्या बाबतीत दार बंद होतं, कारण ‘स्वतःच्या हाताने केलं’ हा आपल्या सगळ्यांच्या मनातला न्यायनिवाडा कंपनीने कलमात बसवला आहे. विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाला हा न्याय इतक्या तडफेने लागत नाही.

बाराव्या कलमातला सगळ्यात जाचक भाग ‘परिणाम’ या शब्दात आहे. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हायला विमा मिळत नाही, हे निदान सरळ तरी आहे. पण यकृत सुजलं, स्वादुपिंडाला सूज आली, पोटात पाणी झालं, रक्ताची उलटी झाली, की दाव्याचे कागद तपासणारा माणूस सर्वांत आधी एकच गोष्ट शोधतो: केसपेपरवर दारूचा उल्लेख आहे का, आणि किती वर्षांचा. ‘क्रॉनिक अल्कोहोलिक’ हे दोन शब्द डिस्चार्ज कार्डावर आले की प्रश्नांची फेरी सुरू होते. ही गोष्ट आता नातेवाइकांनाही ठाऊक झाली आहे. म्हणून भरतीच्या वेळी कॅज्युअल्टीच्या टेबलाशी दबक्या आवाजात विनंती होते, ‘डॉक्टरसाहेब, दारूचं नका लिहू ना.’

ही विनंती किती महागात पडू शकते ते बघा. समजा, मूल-चंद्रपूर रस्त्यावर दुचाकी घसरून पाय मोडलेला चाळिशीतला माणूस भरती झाला. रोज पिणारा, पण घरच्यांनी ‘कधीतरी घेतात, सणासुदीला’ एवढंच सांगितलं. पहिल्या दिवशी दुखण्याच्या गोंधळात काही कळत नाही. त्या रात्री हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. नर्सला वाटतं वेदनेने. दुसऱ्या दिवशी आकडी येऊ शकते. तिसऱ्या रात्री तो प्लास्टर घातलेल्या पायाने खाटेवरून उतरायला बघतो, चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचतो, मेलेल्या बापाशी बोलतो, नाडी दीडशेच्या घरात. हा डेलिरियम ट्रेमेन्स. मेंदूला वर्षानुवर्षं दारूची गुंगी असते; ती अचानक काढून घेतली की दाबून ठेवलेली उत्तेजना एकदम उसळते. वेळेवर उपचार नाही मिळाला तर माणूस यात दगावतो. आणि उपचार काही फार मोठा नसतो. आधीच माहीत असतं तर लिब्रियम किंवा लोराझेपामसारखी गोळी मोजून देऊन, रोज थोडी थोडी कमी करत आणून हे टाळता येतं. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायचं असतं. ते चुकलं तर कुपोषित पिणाऱ्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरला हे सुचायला एकच माहिती लागते, आणि नेमकी तीच कंपनीच्या धाकाने लपवली जाते.

अमेरिकेत हे फार पूर्वी घडून गेलं. तिथल्या विमा आयुक्तांच्या संघटनेने १९४७ मध्ये एक नमुना कायदा केला: जखमी माणूस दारूच्या अंमलाखाली असेल तर कंपनीने बिल नाकारलं तरी चालेल. बहुतेक राज्यांनी तो उचलला. परिणाम असा झाला, की अपघात विभागातल्या डॉक्टरांनी रक्तातली दारू तपासणंच सोडलं. तपासलं तर दवाखान्याचे पैसे बुडणार. ज्या घटकेला माणूस ‘आता पुरे’ म्हणायला तयार असतो, जायबंदी होऊन खाटेवर पडलेला असतो, त्याच घटकेला त्याच्याशी दारूविषयी बोलायला कोणी राहिलं नाही. संघटनेने २००१ मध्ये आपलीच शिफारस फिरवली. कलम लिहिणाऱ्याने विचार केला होता पैशाचा. बदललं डॉक्टरचं वागणं.

लपवण्यातला दुसरा धोका पॉलिसी घेतानाचा आहे. अर्जात ‘मद्यपान करता का?’ या रकान्यापुढे एजंट सर्रास ‘नाही’ अशी खूण करतो, कधी कधी विचारतसुद्धा नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाच्या ‘जीवन आरोग्य’ पॉलिसीच्या एका प्रकरणात कंपनीच्या बाजूने कौल दिला. विमाधारकाने जुनं, गंभीर व्यसन अर्जात दडवलं होतं. पॉलिसी सलग साठ महिने चालू राहिली की माहिती दडवल्याचं कारण सांगून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. हा नियम २०२४ पासूनचा. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. पण साठ महिन्यांनंतरही जी बाबच वगळलेली आहे ती वगळलेलीच राहते. एजंट हे सांगत नाही.

आता चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे येऊ, कारण इथे हा सगळा विचार वेगळ्याच जमिनीवर उतरतो. बल्लारपूरचा कागद कारखाना, भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना, वेकोलिच्या कोळसा खाणी, चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने: कायम नोकरीचा माणूस इथे कंपनीच्या दवाखान्याच्या किंवा एखाद्या योजनेच्या छत्राखाली असतो. त्याच फाटकातून आत जाणारा कंत्राटी कामगार मात्र ठेकेदाराच्या मर्जीवर. आणि वैनगंगा ओलांडली की खाजगी आरोग्यविमा ही वस्तूच विरळ होत जाते. धानाची शेती, तेंदूपत्त्याचा पंधरा-वीस दिवसांचा हंगाम, मोहफूल, बांबू, उरलेल्या दिवसांत मजुरी. इथे हप्ता भरणार कोण आणि बाराव्या कलमाची भीती कोणाला?

इथे ‘विमा’ म्हणजे सरकारी कार्ड. योगायोग असा, की राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाली, त्यांत गडचिरोली होतं. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं, २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आलं. गावातल्या बाईला विचारलं तर ती पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढून दाखवते, ‘कार्ड त हाये ना आमच्याकडे.’ हृदयाची झडप, किडनी, कॅन्सर, मोडलेलं हाड यांसाठी हे कार्ड खरंच उपयोगी पडतं; त्याची थट्टा करायचं कारण नाही. नवऱ्याच्या दारूसाठी ते चालतं का?

अर्धं चालतं. आयुष्मान भारतच्या पॅकेजांच्या यादीत मानसिक आजारांचा एक विभाग आहे आणि त्यात नशेच्या पदार्थांमुळे होणारे मानसिक व वर्तनविषयक विकार ही नोंद आहे. मात्र हा विभाग सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेला आहे, आणि ज्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आहे तिथेच तो लागू पडतो. त्याच वेळी योजनेच्या वगळलेल्या बाबींत बाह्यरुग्ण उपचार येतात आणि व्यसनमुक्तीचा पुनर्वसन कार्यक्रमही येतो. म्हणजे थरथर, आकडी, भ्रम यांसाठी सरकारी वॉर्डात घालवलेले दिवस योजनेत बसतात. त्यानंतरचा महिना-दोन महिन्यांचा निवासी कार्यक्रम बसत नाही. पुढची दोन वर्षं दर महिन्याला येऊन गोळ्या न्यायच्या, समुपदेशकाशी बोलायचं, हेही बसत नाही.

डॉक्टरच्या नजरेने पाहिलं तर ही वाटणी उफराटी आहे. दारू उतरवायला आठवडा-दहा दिवस लागतात. पण दारू उतरणं म्हणजे दारू सुटणं नव्हे, हे पिणाऱ्याची बायको कोणाही तज्ज्ञापेक्षा चांगलं जाणते. खरा उपचार घरी परतल्यावर सुरू होतो: त्याच चौकात, त्याच मित्रांत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या मांडवात, मोहाचा सडवा घमघमतो त्या मोसमात. तिथे टिकायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम अशी औषधं मदत करतात आणि त्याहून अधिक मदत करतं ते कोणीतरी महिन्याच्या महिन्याला ‘कसं चाललंय?’ विचारणं. विम्याचं यंत्र भरतीपासून डिस्चार्जपर्यंत चालण्यासाठी बांधलेलं आहे. बाह्यरुग्ण म्हणून घालवलेली दोन वर्षं मोजायला त्याच्याकडे मापच नाही. उद्या बारावं कलम काढून टाकलं तरी ही अडचण उरेलच, आणि म्हणूनच या प्रकरणातली माझी बाजू थोडी वेगळी आहे: कलम जायलाच हवं, पण ते गेल्याने गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या माणसाला काही मिळणार आहे असं मला वाटत नाही.

त्याचा खर्च कशाकशावर होतो ते पाहिलं की हे पटेल. औषधं तशी स्वस्त आहेत. खर्च होतो तो अंतराचा. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास, पुढे नागपूर आणखी पावणेदोनशे. जिल्ह्यात रेल्वे देसाईगंज-वडसा सोडून कुठे नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागड बाकीच्या जगापासून तुटतं. आजाऱ्यासोबत एक माणूस लागतो, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. नेमकी रोवणीत किंवा तेंदूच्या हंगामात भरती व्हावं लागलं तर वर्षाची रोख कमाईच बुडते. यातलं काहीही कुठल्याही विम्याच्या पावतीत येत नाही. दुसरा खर्च फसवणुकीचा. एस.टी. स्टँडच्या भिंतींवर आणि छोट्या जाहिरातींत ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. बायका बचत गटातून उचल घेऊन ती पुडी मागवतात आणि भाजीत मिसळतात. पुडीत काय असतं याचा भरवसा नाही. त्यात डायसल्फिराम असेल तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी पुढे आणलेलं हे औषध दारूचं शरीरातलं पचन अर्ध्यावर अडवतं. वर दारू पडली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. रुग्णाला हे माहीत असतं तेव्हा त्या भीतीनेच तो घोट टाळतो. औषधाचं सगळं काम त्या माहितीवर चालतं. नकळत दिलं तर उरतं ते फक्त विष.

जर्मनीने हाच प्रश्न कसा सोडवला, ते चंद्रपूरसारख्या औद्योगिक जिल्ह्याने पाहण्यासारखं आहे. पश्चिम जर्मनीच्या संघीय सामाजिक न्यायालयाने १८ जून १९६८ रोजी दारूचं व्यसन हा आजार असल्याचा निकाल दिला, म्हणजे विम्याला तो टाळता येईना. मग भांडण लागलं की कोणत्या विम्याने द्यायचं. १९७८ मध्ये वाटणी ठरली: दारू उतरवण्याचा खर्च आरोग्यविमा देईल आणि नंतरचं दीर्घ पुनर्वसन पेन्शन विमा करेल. पेन्शनवाल्यांनी का करावं? कारण माणूस चाळिशीत कामातून गेला तर त्याला वीस-पंचवीस वर्षं अपंगत्वाची पेन्शन द्यावी लागते आणि त्याची वर्गणीही बुडते. तो कामावर परतला तर दोन्ही वाचतं. दया वगैरे बाजूला ठेवून, निव्वळ हिशेबाने काढलेला हा तोडगा.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एकच रचना आहे, १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली राज्य कामगार विमा योजना, लोकांच्या तोंडी ‘ईएसआय’. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के तिच्यात जमा होतात. तिच्यात दवाखान्याची भरतीही आहे, बाह्यरुग्ण औषधंही आहेत, आणि आजारपणाच्या सुटीत ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के वेतनही आहे. औषध, डॉक्टर आणि बुडालेली मजुरी या तिन्हींना एकत्र हात घालणारं दुसरं काही कामगाराकडे नाही. पण मूळ कायद्याने कारखान्याची व्याख्या करताना खाणींना बाहेर ठेवलं, आणि या दोन जिल्ह्यांत खाणीच जास्त. कोळशाचा कायम कामगार कंपनीच्या दवाखान्यात जातो. ट्रकावरचा क्लीनर, लोडिंगवरचा पोरगा यांचं नाव कुठल्या रजिस्टरात आहे ते शोधावं लागतं.

विम्याने हात वर केले तिथे या जंगलपट्टीने स्वतःची वाट काढली, आणि ती काढायला जिथून सुरुवात झाली ते ठिकाण दवाखाना नव्हतं. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. काही वर्षांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी इथे ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. बालमृत्यू आणि बायकांचे आजार यांचा अभ्यास करायला गेलेल्यांसमोर बायकांनी ठेवलेलं दुखणं होतं दारू. १९८७ च्या सुमारास उभी राहिलेली चळवळ १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी घेऊन थांबली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने तर त्याआधीच, बायकांच्या पुढाकाराने, गावापुरता निर्णय करून टाकला होता. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामींच्या नेतृत्वाखाली हजारो बाया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून तिथेही बंदी आली, आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी असावी की नसावी यावर या जिल्ह्यांत अजूनही चहाच्या टपरीवर हमरीतुमरी होते. त्या वादात मी इथे पडत नाही. एवढंच नोंदवतो, की दोन्ही बाजूंच्या गदारोळात ज्याला आधीच व्यसन जडलेलं आहे त्याच्या उपचाराचं काय, हा प्रश्न फार कोणी विचारला नाही. दुकान बंद झालं म्हणून त्याचा हात थरथरायचा थांबत नाही. उघडलं म्हणूनही नाही.

गडचिरोलीत तो प्रश्न विचारला गेला ‘मुक्तिपथ’मध्ये. राज्य शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून चालवलेला हा दारू-तंबाखू नियंत्रणाचा जिल्हाभराचा कार्यक्रम २०१६ च्या सुमारास उभा राहिला. गाव संघटना आणि अवैध दारूविरुद्धची कृती ही त्याची एक बाजू. बातम्या तिच्याच येतात, मोहसडव्याचे ड्रम उलथल्याच्या. दुसरी बाजू शांत आहे. बारा तालुक्यांत क्लिनिक, आणि गावांनी मागणी केली की गावातच उपचार शिबिर. समाजमंदिरात किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल मांडलेलं असतं. एकेकाला बाजूला घेऊन त्याची कहाणी लिहून घेतात: केव्हापासून, रोज किती, सकाळी उठल्याउठल्या लागते का, शेवटची केव्हा घेतली. मग नाडी, रक्तदाब, औषध, आणि सगळ्यांना मिळून ‘धोक्याचे घटक’ समजावणं: कुठे गेलं की पुन्हा पिण्याची ओढ येते, कोण आग्रह करतं, हातात पैसे आलेल्या दिवशी काय करायचं. ज्याला हे पुरत नाही त्याच्यासाठी चातगावजवळच्या शोधग्रामात सर्चचं व्यसनमुक्ती केंद्र आहे. इथे हप्ता नाही, कार्ड नाही, पूर्वमंजुरी नाही. दोनशे किलोमीटरचा प्रवास आणि दोघांची मजुरी यांतला मोठा भाग वाचतो, तो कोणी परत दिला म्हणून नव्हे, तर मुळात लागलाच नाही म्हणून.

अशा साध्या, जवळच्या उपचाराने खरंच फरक पडतो का? याचं चांगलं मोजमाप शेजारच्या गोव्यात झालं आहे. ‘संगत’ या संस्थेच्या डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी केली. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांना त्याशिवाय समुपदेशनाच्या एक ते चार बैठका. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आलेले होते, दुसऱ्या गटात २६ टक्के. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. हे पुरुष घातक पिणारे होते, पूर्ण व्यसनाच्या टोकाला पोचलेले नव्हेत. त्या टोकाला गोळी आणि खाट लागतेच. पण तिथवर पोचण्याआधी अडवायला काय लागतं, ते या आकड्यांत आहे, आणि ते कुठल्याही पॅकेजात नाही.

देशाचा आकडाही सांगतो की प्रश्न बिलाच्या आधी सुरू होतो. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या २०१९ च्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार १८० जणांमागे एकाला. उरलेल्यांचा दावा नाकारायची वेळच येत नाही.

घरात असा माणूस असलेल्यांनी काय करावं, हे न सांगता हे प्रकरण संपवणं बरं नव्हे. सरकारी दवाखाना आधी. चंद्रपूरला २०१५ पासून आणि गडचिरोलीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आणि एम्स आहेत. भरती करायची असेल तर तिथल्या, योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला कार्ड दाखवून विचारा की मानसिक आजारांच्या पॅकेजात बसतं का. ‘दारूचं नाही चालत’ हे तोंडी उत्तर घेऊन परतू नका. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थेत उपचार मोफत मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याच्या १८ व्या कलमात आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी जंगलपट्टीसाठीच लिहिल्यासारखी वाटते: कायद्याने ठरवलेल्या किमान सेवा जिल्ह्यात सरकारने उपलब्ध केलेल्या नसतील, तर रुग्णाला जिल्ह्यातल्या दुसऱ्या मानसिक आरोग्य सेवेकडे जाता येतं आणि तिथला खर्च सरकारने सोसायचा असतो. ही तरतूद वापरायची तर मागणी लेखी हवी, तारखेसह. पोच घ्यायला विसरू नका.

खाजगी केंद्रात पैसे मोजायचेच असतील तर आधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी मागा, मनोविकारतज्ज्ञ कोण आणि किती वेळा येतो ते विचारा, आणि घरच्यांना भेटू देत नाहीत अशा ठिकाणी माणूस ठेवू नका. पुण्याचं मुक्तांगण, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या देणगीच्या बळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलेलं, दूर असलं तरी चांगलं केंद्र कसं चालतं याचा नमुना म्हणून माहीत असावं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नसते. पॉलिसी असेल आणि यकृताचा किंवा अपघाताचा दावा ‘परिणाम’ म्हणून नाकारला गेला, तर नकार लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. तिथे वकील लागत नाही, फीही नाही. दारू पिणाऱ्या माणसाचा प्रत्येक आजार दारूचाच असतो असं नाही. तो तसा आहे हे दाखवण्याचं ओझं नकार देणाऱ्या कंपनीवर टाका. आणि रात्री-अपरात्री काहीच सुचलं नाही तर टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत, फक्त भामरागडच्या पुढे आधी रेंज कुठे येते ते शोधावं लागतं.